कचरा जळाला, पाण्याचे काय?

विशेष प्रतिनिधी

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याच्या आवारात पडून असलेला ३३७ टन विषारी कचरा २०२५ च्या जूनअखेर पीथमपूरच्या भट्टीत जळून संपला. त्या वर्षीच्या १ जानेवारीच्या रात्री बारा बंदिस्त कंटेनरांचा ताफा पोलीस बंदोबस्तात भोपाळहून निघाला आणि सुमारे अडीचशे किलोमीटरचा प्रवास करून धार जिल्ह्यात पोहोचला. तेथे त्याचे स्वागत निदर्शनांनी झाले. दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. पुढे मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली दहा-दहा टनांच्या तीन चाचण्या झाल्या आणि मग उरलेला कचरा टप्प्याटप्प्याने जाळण्यात आला. केंद्र सरकारने या कामासाठी १२६ कोटी रुपये दिले होते. राखेच्या विल्हेवाटीचा वाद त्यानंतरही शमला नाही. तरीही १९८४ च्या काळरात्रीचे एक ओझे अखेर उतरले, असाच सूर सरकारी वर्तुळात आणि बऱ्याच अंशी वृत्तपत्रांतही उमटला.

वस्तुतः जो कचरा हलवला गेला, तो गोळा करून, पोत्यांत भरून गोदामात ठेवलेला कचरा होता. तो मोजता येत होता, उचलता येत होता, ट्रकवर चढवता येत होता. जो उचलता येत नाही तो अजून तेथेच आहे. नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे ‘नीरी’, आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था यांनी २०१० मध्ये केलेल्या अभ्यासात, कारखान्याच्या परिसरातील शुद्धीकरणाची गरज असलेल्या मातीचे प्रमाण ११ लाख टन असल्याचा अंदाज दिला होता. त्या तुलनेत ३३७ टन म्हणजे दहा हजार किलोंमागे तीन किलो. गोदामातला कचरा मातीपेक्षा कितीतरी तीव्र होता, त्यामुळे वजनाची ही तुलना पूर्णपणे न्याय्य नाही, हे मान्य करायला हवे. पण गोदामातील पोती पाण्यात विरघळत नव्हती. मातीतील रसायने विरघळत आहेत. आणि विरघळलेला पदार्थ जमिनीखालून कोठे, किती वेगाने आणि किती काळ जातो, या प्रश्नाचे उत्तर चार दशकांनंतरही भोपाळला एका आवाजात मिळालेले नाही.

हे उत्तर मिळत नाही याचे खापर केवळ सरकारी अनास्थेवर फोडणे सोपे आहे. अनास्था होतीच. परंतु त्याखाली एक खरोखरच अवघड असे शास्त्रीय कोडे दडलेले आहे, आणि त्या कोड्याचे सोयीस्कर उत्तर निवडले गेले की त्याची किंमत हातपंपावर पाणी भरणाऱ्यांना मोजावी लागते.

तेवीस की दोन?

कारखान्यात ‘सेव्हिन’ नावाने विकले जाणारे कार्बारिल हे कीटकनाशक तयार होत असे. १९६९ पासून दुर्घटनेपर्यंत कारखान्याचा घन व द्रव कचरा आवारातच ठिकठिकाणी टाकला गेला. १९७७ मध्ये कारखान्याच्या उत्तरेला, भिंतीबाहेर, सांडपाणी उन्हाने आटावे म्हणून मोठी तळी बांधण्यात आली. तळाशी प्लास्टिकचे अस्तर घातले होते. हे अस्तर फार काळ टिकले नाही. तळ्यांतून गळती होत असल्याचे संदेश १९८२ मध्येच कारखान्यातून अमेरिकेतील मुख्यालयाकडे गेले होते. म्हणजे वायुगळतीच्या दोन वर्षे आधीच एक दुसरी, शांत गळती सुरू झाली होती. ती कोणाचा श्वास कोंडत नव्हती, म्हणून बातमीही झाली नाही.

नव्वदच्या दशकात प्रश्न विचारला गेला तो असा: ही रसायने मातीतून झिरपून भूजलापर्यंत पोहोचायला किती वर्षे लागतील? ‘नीरी’च्या १९९७ च्या अहवालात या प्रवासाला २३ वर्षे लागतील, असे गणित मांडण्यात आले. आधार होता तेथील काळ्या चिकण मातीचा. या मातीतून पाणी अत्यंत संथ गतीने झिरपते, सबब खालचे पाणी बराच काळ सुरक्षित राहील, असा त्याचा मथितार्थ. मात्र अमेरिकेतील दाव्याच्या निमित्ताने नंतर उजेडात आलेल्या कागदपत्रांत आणखी एक आकडा सापडतो. कंपनीच्या बाजूने सल्लागार म्हणून काम पाहणाऱ्या ‘आर्थर डी. लिटल’ या संस्थेने, वाईटात वाईट परिस्थिती धरली तर हा काळ २३ नव्हे, दोन वर्षे मानावा लागेल, असे मत नोंदवले होते.

माती तीच, रसायने तीच, पाऊसही तोच. एका गणिताने २३ आणि दुसऱ्याने दोन. हा कोणाच्या बेरीज-वजाबाकीतला दोष नव्हे. फरक आहे तो माती कशी आहे असे गृहीत धरले यात. ती सगळीकडे सारखी आहे असे मानले तर एक उत्तर येते. ती सारखी नाही असे मानले तर दुसरे.

सरासरी माती कोठेच नसते

सच्छिद्र पदार्थातून पाणी कसे वाहते याचा नियम फ्रान्समधील अभियंता हेन्री डार्सी याने १८५६ मध्ये दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम करताना मांडला. वाळूने भरलेल्या नळकांड्यातून पाणी सोडून त्याने दाखवून दिले की, पाण्याचा प्रवाह दाबातील उताराच्या प्रमाणात असतो आणि त्या प्रमाणाचा गुणक पदार्थागणिक बदलतो. हा गुणक म्हणजेच पारगम्यता. नियम साधा आहे आणि आजही सर्व भूजलशास्त्र त्यावर उभे आहे. अडचण नियमात नाही, गुणकात आहे. निसर्गात हा गुणक ज्या प्रचंड पल्ल्यात बदलतो तसे भौतिकशास्त्रातील फारच थोडे गुणधर्म बदलत असतील. स्वच्छ वाळूतून पाणी जितक्या सहज जाते, त्याच्या लाखपट कष्टाने ते घट्ट चिकण मातीतून जाते. आणि वाळू व चिकण माती एकाच विहिरीच्या खोदकामात हातभर अंतरावर सापडू शकतात.

आता पाण्यात काही विरघळलेले असेल तर? ते पाण्याबरोबर पुढे सरकते, हा एक भाग. दुसरा भाग असा की ते पसरतही जाते, कारण पाण्याचे सगळे कण एकाच वाटेने आणि एकाच गतीने जात नाहीत. दादर स्थानकातून सायंकाळी बाहेर पडणारी गर्दी डोळ्यांपुढे आणावी. एकाच गाडीतून उतरलेली माणसे. पण काही जण जिन्यावरून धावत सुटतात, काही वडापावच्या गाडीपाशी रेंगाळतात, काही जण बाजारात शिरतात ते तासाभराने बाहेर येतात. पुलाच्या टोकाशी उभे राहून ‘गर्दी सरासरी किती वेळात येथे पोहोचते’ असे विचारले तर उत्तर देता येईल. मात्र पहिला माणूस केव्हा पोहोचतो आणि शेवटचा केव्हा, हे त्या सरासरीवरून मुळीच कळणार नाही.

रूढ गणितात ही अडचण अशी सोडवली जाते की, पसरण्याचा वेग एका ठरावीक आकड्यात बसवायचा. मग दूषित पाण्याचा ढग एखाद्या घंटेच्या आकाराचा, मध्ये दाट आणि कडेला विरळ, असा एका गतीने पुढे सरकताना दिसतो. पहिला आणि शेवटचा या दोघांनाही हे गणित सरासरीच्या आसपासच ठेवते. माती बऱ्यापैकी एकजिनसी असेल तर हे चालून जाते. कॅनडातील बोर्डन येथे १९८२ मध्ये शास्त्रज्ञांनी वाळूच्या थरात सुमारे बारा हजार लिटर पाणी सोडले. त्यात क्लोराइड, ब्रोमाइड आणि पाच सेंद्रिय रसायने मुद्दाम मिसळली होती. पुढे जवळपास तीन वर्षे शेकडो नमुना-नळ्यांमधून त्याचा माग काढण्यात आला. ढग साधारणपणे गणिताने सांगितला तसाच वागला. योगायोग असा की, त्या पाच रसायनांपैकी कार्बन टेट्राक्लोराइड आणि डायक्लोरोबेन्झिन हे भोपाळच्या भूजलात सापडलेल्यांपैकी आहेत. बोर्डनच्या वाळूत कार्बन टेट्राक्लोराइड पाण्यापेक्षा सुमारे दुपटीने मंद सरकले, तर डायक्लोरोबेन्झिन चार ते नऊ पटींनी. कारण ही रसायने वाटेत मातीच्या कणांना चिकटतात आणि पुन्हा सुटतात. विशेष म्हणजे हा मंदपणा काळाबरोबर वाढत गेला.

बोर्डनमुळे गणितावरचा विश्वास दृढ झाला. तो फार काळ निर्वेध राहिला नाही. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात कोलंबस येथील हवाई दलाच्या तळावर १९८६ च्या ऑक्टोबरात असाच प्रयोग झाला. येथे जमीन निराळी होती: वाळू, खडे आणि गाळ यांचे नदीने वेडेवाकडे टाकलेले थर. पारगम्यता एका नळीपासून दुसऱ्या नळीपर्यंत हजारो पटींनी बदलत होती. वीस महिन्यांनंतर जे दिसले त्याने रूढ गणिताची पंचाईत केली. सोडलेल्या ब्रोमाइडचा मोठा हिस्सा अजून सोडल्या जागेच्या आसपासच, काही मीटरांवर घोटाळत होता. त्याच वेळी त्याची एक पातळ जीभ दोनशे मीटरहून पुढे पोहोचली होती. घंटेचा आकार कोठेच नव्हता. सरासरी गतीचा आकडा काढता येत होता, परंतु त्या गतीने प्रवास करणारे जवळजवळ कोणीच नव्हते.

गेल्या चार दशकांत या एका प्रयोगाच्या आकड्यांवर जगभर शेकडो शोधनिबंध लिहिले गेले आणि नवी गणिती प्रारूपे तयार झाली. काहींनी जमिनीतील पाण्याचे ‘वाहते’ आणि ‘थबकलेले’ असे दोन भाग कल्पिले आणि त्यांच्यात देवाणघेवाण होते असे मानले. काहींनी प्रत्येक कणाला वाटेत अनिश्चित काळ थांबू दिले. कोणते प्रारूप सरस यावर विद्वानांत आजही एकमत नाही, आणि तो वाद येथे सोडवण्याचे कारण नाही. एका गोष्टीवर मात्र सर्वांचे एकमत आहे. जमीन जितकी विषम, तितका पहिला कण सरासरीच्या कितीतरी आधी आणि शेवटचा कितीतरी नंतर.

भेगाळलेली काळी जमीन

भोपाळची जमीन बोर्डनसारखी की कोलंबससारखी? भूगर्भाचे जे ज्ञात आहे त्यावरून तिला एकजिनसी म्हणणे धाडसाचे ठरेल. भोपाळचा परिसर दोन प्रस्तरांच्या सीमेवर वसला आहे. एकीकडे विंध्य वालुकाश्म, दुसरीकडे दख्खनच्या बेसॉल्टची उत्तरेकडील कड. वर काळी चिकण माती. मराठी वाचकाला या मातीची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. विदर्भ-मराठवाड्यातील कपाशीची काळी जमीन ती हीच. ओली असताना तिच्यातून पाणी खाली उतरत नाही, हे खरे. पण मे महिन्यात तिच्याकडे पाहावे. हात आत जाईल एवढ्या रुंद भेगा पडलेल्या असतात. मृगाचा पहिला पाऊस या भेगांमधून थेट खाली उतरतो. माती फुगून भेगा मिटेपर्यंत जेवढे खाली जायचे तेवढे गेलेले असते. प्रयोगशाळेत मुठीएवढ्या ओल्या मातीची पारगम्यता मोजली तर त्यात ही भेग येत नाही. शिवाय वस्तीतील प्रत्येक जुनी विहीर आणि प्रत्येक हातपंपाचे भोक हा चिकण मातीच्या झाकणाला माणसाने पाडलेला छेदच असतो.

याचा परिणाम किती होतो हे एका कल्पित उदाहरणावरून लक्षात येईल. समजा, चिकण मातीचा थर दहा मीटर जाडीचा आहे आणि त्यातून पाणी वर्षाला अर्धा मीटर खाली सरकते. म्हणजे वीस वर्षे. आता समजा, त्यातील केवळ एक टक्का पाणी भेगांमधून शंभरपट वेगाने जाते. हे पाणी अडीच महिन्यांत तळाशी पोहोचेल. एक टक्का म्हणजे नगण्य, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु उगमापाशी रसायनाचे प्रमाण पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या दहा हजार पट असेल, तर त्याचा एक टक्कासुद्धा मर्यादेच्या शंभरपट भरतो. विषाच्या बाबतीत सरासरी पोहोचण्याचा काळ हा बहुतेकदा निरुपयोगी आकडा असतो. आरोग्याचा प्रश्न पहिल्या थेंबापाशी सुरू होतो.

संगणकाने हे काम सोपे झाले आहे काय? एका परीने झाले आहे. भूजलप्रवाहाचे गणित करणारी ‘मॉडफ्लो’ ही संगणकप्रणाली अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाने पहिल्यांदा प्रसिद्ध केली ती १९८४ मध्येच, म्हणजे भोपाळच्या दुर्घटनेच्याच वर्षी. आज ती कोणालाही मोफत उपलब्ध आहे आणि भारतातील विद्यापीठांतही सर्रास वापरली जाते. या प्रणालीत जमिनीचे चौकोनी तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्याला पारगम्यतेचा एक आकडा देतात. तुकडा पन्नास मीटरचा असेल तर बोटभर रुंदीची भेग त्यात हरवून जाते. पडद्यावर उमटणारे रंगीत नकाशे इतके सुबक असतात की, त्यामागे किती विहिरींची मोजमापे आहेत हे विचारायचे भान राहत नाही. मोजक्या विहिरींवरून काढलेला नकाशा आणि शेकडो नळ्यांवरून काढलेला नकाशा छापल्यावर सारखेच दिसतात.

पाच विहिरींचा अर्थ

१९९९ मध्ये ‘ग्रीनपीस’ने कारखान्याच्या परिसरातील माती व पाण्याचे नमुने तपासले आणि त्यात पारा, क्लोरिनयुक्त बेन्झिने व कार्बन टेट्राक्लोराइड सापडल्याचे जाहीर केले. काही हातपंपांना लाल रंग फासून त्यांचे पाणी पिण्यास अयोग्य ठरवले गेले. दुसरे पाणी नव्हते, म्हणून लोक तेच पीत राहिले. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये वस्त्यांना शुद्ध पाणी पुरवण्याचे आदेश दिले. २००९ मध्ये दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने कारखान्यापासून तीन किलोमीटरवरच्या भूजलातही कीटकनाशकांचे व क्लोरिनयुक्त रसायनांचे अंश आढळल्याचे सांगितले.

आणि त्यानंतर वर्षभरातच ‘नीरी’ व भूभौतिकी संस्थेचा अहवाल आला. त्याचा निष्कर्ष असा की, कारखान्यातून झिरपलेल्या रसायनांमुळे भूजल सर्वसाधारणपणे दूषित झालेले नाही. ईशान्य व पूर्वेकडील पाच विहिरींत दूषितता आढळली, पण ती बहुधा कचऱ्यावरून वाहून गेलेल्या पावसाच्या पाण्यामुळे असावी. आजूबाजूच्या विहिरी स्वच्छ आणि मधल्याच काही दूषित, अशी ती स्थिती होती. अहवालावर तज्ज्ञांनी आणि भोपाळमधील संघटनांनी बरीच टीका केली. ‘नीरी’ ही नावाजलेली संस्था आहे आणि तिच्या शास्त्रज्ञांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण येथे प्रश्न हेतूचा नसून वाचनाचा आहे.

शेजारची विहीर स्वच्छ असणे हा भूजल शुद्ध असल्याचा पुरावा ठरतो तो जमीन एकजिनसी असेल तरच. विषम जमिनीत नेमके हेच अपेक्षित आहे: एका विहिरीत विष, पन्नास पावलांवरील दुसरीत काही नाही, आणि फर्लांगभर पुढच्या तिसरीत पुन्हा विष. कोलंबसची ती पातळ जीभ दोन नळ्यांच्या मधून निसटली असती तर तेथेही ‘दूषितता मर्यादित आहे’ असाच अहवाल लिहिला गेला असता. महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग ज्या बेसॉल्टवर उभा आहे, त्यात विहीर खणणाऱ्या कोणाही शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. एका बांधावरची बोअर धो-धो वाहते आणि शेजारची तीनशे फुटांवरही कोरडी निघते. पाण्याच्या बाबतीत जे आपण सहज मान्य करतो, ते पाण्यातील विषाच्या बाबतीत मान्य करायला मात्र अहवालांना जड जाते.

पाच विहिरींचे दूषित पाणी पृष्ठभागावरून आले की भूगर्भातून, याचा निकाल लावता येण्याजोगा होता. एकाच ठिकाणी निरनिराळ्या खोलीवर तोंडे असलेल्या निरीक्षण नळ्या बसवायच्या. पावसाळ्याआधी, पहिल्या पावसानंतर लगेच आणि हिवाळ्यात असे नमुने घ्यायचे. निरुपद्रवी खूणद्रव्य सोडून ते कोठे व केव्हा निघते हे पाहायचे. हे काम वर्षा-दोन वर्षांचे आहे, खर्चिक आहे आणि त्यात नेत्रदीपक असे काही नाही. दरम्यान नकाशावरची रेषा सरकत राहिली. लखनौच्या भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थेच्या तपासणीत २०१८ मध्ये दूषित भूजलाच्या वस्त्यांची संख्या ४२ झाली. त्याआधी ती २२ होती. या वीस वस्त्यांत विष २०१८ मध्ये पोहोचले असे नव्हे. तेथे तपासणी तोवर पोहोचली नव्हती, एवढेच यावरून नक्की सांगता येते. येथे गणिताचा खरा उपयोग होता: पुढची विहीर कोठे तपासायची, हे आधी सांगण्यासाठी. तो तसा झाला नाही. प्रारूपे वापरली गेली ती धोका नाही असे म्हणण्यासाठी, आणि पाणीपुरवठ्याच्या वाहिन्या धावल्या त्या दूषित नमुन्यांच्या मागून.

शेपटाचा हिशेब

आतापर्यंत पहिल्या थेंबाविषयी बोललो. शेवटच्या थेंबाचा प्रश्न त्याहून चिवट आहे. कार्बन टेट्राक्लोराइडसारखे द्रव पाण्यापेक्षा जड असतात, पाण्यात फारसे विरघळत नाहीत. ते भूजलातून खाली बुडतात, कोठेतरी चिकण मातीच्या वा खडकाच्या बशीत साचतात आणि वर्षानुवर्षे थोडे थोडे विरघळत राहतात. जे विरघळले ते वाळूतून वाहते, पण वाहता वाहता शेजारच्या चिकण मातीतही मुरते. पुढे कधी वाळूतील पाणी उपसून स्वच्छ केले, तर चिकण मातीत मुरलेले विष उलटे वाळूत पाझरू लागते. पंप चालू असेपर्यंत नमुने बरे दिसतात. पंप बंद केला की प्रमाण पुन्हा चढते. दादरच्या बाजारात शिरलेली ती माणसे एकेक करून बाहेर येत राहतात, तसेच हे.

अमेरिकेने याचा अनुभव मोठी किंमत मोजून घेतला आहे. तेथे ऐंशीच्या दशकात दूषित भूजल उपसून, शुद्ध करून सोडण्याच्या योजना शेकडो ठिकाणी राबवल्या गेल्या. त्यांपैकी ७७ ठिकाणांचा आढावा अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ मध्ये घेतला, तेव्हा ठरवलेले उद्दिष्ट केवळ आठ ठिकाणी गाठले गेल्याचे दिसून आले. तेथे पैसा कमी नव्हता, यंत्रे कमी नव्हती. एकजिनसी जमीन गृहीत धरून काढलेले ‘इतक्या वर्षांत पाणी स्वच्छ होईल’ हे अंदाज बहुतेक ठिकाणी फोल ठरले. भोपाळमध्ये तर उपसण्याचा प्रयत्नही झालेला नाही, त्यामुळे फसण्याचीही संधी मिळाली नाही.

हा शेपटाचा हिशेब केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. १९८९ च्या ४७ कोटी डॉलरच्या तडजोडीत वायुपीडितांच्या भरपाईचा विचार झाला. माती आणि भूजलाच्या शुद्धीकरणाचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न त्यात नव्हता. २००१ मध्ये युनियन कार्बाइड ज्या ‘डाऊ केमिकल’ने विकत घेतली, तिची भूमिका ही जबाबदारी आपल्याकडे येत नाही अशी राहिली आहे. कारखान्याची जमीन तर १९९८ मध्येच राज्य सरकारकडे परत आली आहे. वाढीव भरपाईसाठी केंद्राने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. उद्या कोणत्याही न्यायालयात शुद्धीकरणाच्या खर्चाचा प्रश्न आला, तर पहिला सवाल किती टन माती हा नसेल, तर किती वर्षे उपसा हा असेल. पाच वर्षे आणि पन्नास वर्षे यांच्या खर्चात जो फरक आहे, तो ३३७ टन कचऱ्यावर झालेल्या १२६ कोटींच्या तुलनेत बराच मोठा असेल. आणि तो फरक मातीच्या विषमतेचा कोणता आकडा गृहीत धरला, यावर ठरेल.

त्या वेळी २३ आणि दोन या आकड्यांची पुन्हा गाठ पडणार आहे. एका बाजूचे तज्ज्ञ चिकण मातीची सरासरी पारगम्यता पुढे करतील, दुसऱ्या बाजूचे भेगांकडे बोट दाखवतील. दोघांकडेही प्रारूपे असतील आणि दोघांचीही गणिते बिनचूक असतील. न्यायाधीशांना निवाडा करण्यासाठी लागतील ती त्या जमिनीत प्रत्यक्ष घेतलेली, वेगवेगळ्या खोलीची, अनेक पावसाळ्यांची मोजमापे. अशी मोजमापे २०१० च्या अभ्यासापूर्वी सुरू झाली असती, तर अटल अयूब नगर आणि आरिफ नगरच्या विहिरींचा पंधरा-वीस वर्षांचा आलेख आज हाती असता.